पाकबोचा शिक्का

पोर्ट सईद, अरब मोहल्ला
५ ऑक्टोबर १९९६

वगदी,

सलाम. तुझा पत्ता तिकडे जाऊन आलेल्या फतूहने आणून दिला. इटलीत जेनोवाच्या बंदरामागे तुझं खाण्याचं दुकान आहे आणि तुझं पोट सुटलंय, एवढं त्याने सांगितलं. मी पुढे काही विचारलं नाही.

बाबा गेले. १९ ऑगस्टला, दुपारी, बाल्कनीतल्या खुर्चीत. हातात चहाचा पेला होता, तो सांडलासुद्धा नाही. चाळिसाव्याचं जेवणही होऊन गेलं. आधी का कळवलं नाहीस म्हणशील, तर म्हण. आई गेली तेव्हा तुझ्या जहाजाच्या कंपनीला तार केली होती. तिचं काय झालं ते तुलाच माहीत.

रडायला लिहीत नाहीये, कामाचं लिहिते. बाबांची पेटी माझ्या पलंगाखाली आहे. जहाजांवरची सगळी पाकिटं आणि कार्डं. सदुसष्टच्या लढाईनंतर गाव सोडावं लागलं तेव्हा आईचं शिवणयंत्र मागे राहिलं आणि ही पेटी बाबांनी मनसूरापर्यंत मांडीवर नेली, आठवतं? तू बारा वर्षांचा होतास आणि तुला बसायला जागा नव्हती. तीच पेटी. आता उघडली की ओल्या पोत्यासारखा वास येतो. कालव्याची दमट हवा तुला ठाऊक आहे. तळाची पाकिटं एकमेकांना चिकटलीत, काहींवर करडे ठिपके आलेत.

पोस्टातले लबीब उस्ताद, ते निवृत्त झालेत, येऊन बघून गेले. बाबा आठ परक्या भाषांत भाव करायचे आणि एकही वाचता यायची नाही. त्यामुळे खलाशांकडून मिळालेलं प्रत्येक पाकीट आधी लबीब उस्तादांकडे जायचं, कुठलं आहे ते विचारायला. ते म्हणाले, "इन्शिराह, आणखी एक हिवाळा अशीच ठेवलीस तर यातलं निम्मं बुरशी वाचून काढेल." कैरोचा एक व्यापारीही दोनदा आला. मी त्याला चहा विचारला नाही.

अर्धी पेटी तुझी आहे. ठेवायची की द्यायची ते कळव. मला अक्षरं लावून लावून लिहावं लागतं. छप्पनच्या लढाईत शाळा बंद झाली ती माझ्यासाठी पुन्हा उघडलीच नाही. तेव्हा मला दोनदा लिहायला लावू नकोस.

पेटीत आणखी एक गोष्ट आहे. ती नंतर.

इन्शिराह


२७ ऑक्टोबर

वगदी,

उत्तर नाही. ठीक आहे. तू उत्तर देईपर्यंत बुरशी थांबणार नाही, म्हणून मी कामाला लागले.

सुरुवातीलाच घाण केली. लग्नाचे फोटो लावतात तसला जाड अल्बम आणला, चिकट पानांचा, वरून पारदर्शक कागद ओढायचा तो. एका शुक्रवारी चाळीस कार्डं बसवली. किती छान दिसत होती. लबीब उस्तादांना दाखवायला घेऊन गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ही आता निघणार कशी?"

"निघायला कशाला हवीत? नीट बसलीत."

"बाई, तू त्यांना पुरलंस."

मग शिवायचा दोरा कार्डाखालून करवतीसारखा ओढत ओढत एकेक सोडवलं. सदतीस वाचली. तीन फाटली, त्यातलं एक आपल्या दीपगृहाचं होतं. बाबा असते तर आठवडाभर बोलले नसते. तसेही ते कुठे फार बोलायचे.

उस्तादांकडे परदेशी पाकिटं आहेत, खास या कामाची. एकेका गड्डीची किंमत ऐकून मी त्यांना म्हटलं, त्यापेक्षा कार्डांना शर्टच शिवते. आणि बोलता बोलता मलाच सुचलं. मी कारखान्यात शर्ट पिशवीत भरते. अकरा वर्षं झाली, दुसरं काही करत नाही. त्यातली एक पिशवी दुसऱ्या दिवशी उस्तादांना नेऊन दाखवली. त्यांनी नाकाला लावली, मुठीत चुरगाळली, कानाशी धरली. म्हणाले, "मऊ असेल आणि नव्या बाहुलीसारखा वास येत असेल तर ते प्लास्टिक घाम सोडतं आणि शाई खातं. ही कुरकुरीत आहे, वास नाही. ही चालेल." शौकी मुकादमाकडे हजारभर पिशव्या पडून होत्या, छपाई चुकलेल्या. त्याने विचारलं, "खाला, दुकान काढतेस की काय?" मी म्हटलं, "तुझं थोबाड बंद ठेवायला एक मोठी शिल्लक आहे का बघ." दिल्या त्याने. प्रत्येकीच्या कोपऱ्यात ४२ छापलंय, शर्टाचं माप. जमेल तिथे कापून टाकते. बाकीची पाकिटं बेचाळीस नंबरची.

शर्टाच्या पाठीचा पुठ्ठाही आणला होता. तो उस्तादांनी परत पाठवला. करडा पुठ्ठा कागदाला पिवळा करतो म्हणे. म्हणून आधी पांढरा कागद, मग पुठ्ठा. कोपऱ्यांना कागदाचे त्रिकोणी खिसे, कार्डाला डिंकाचा थेंबही लावायचा नाही. पाकिटं एकावर एक रचायची नाहीत, उभी ठेवायची, आणि फार दाबायची नाहीत. बुटांच्या खोक्यात ती बरोब्बर बसतात. खोकी आतल्या भिंतीच्या कपाटात, खाली विटा. मालाच्या खोक्यांतून ओल शोषणाऱ्या पुड्या मिळतात त्या आत टाकते, महिन्याने मंद भट्टीवर भाजून परत.

उम्म हुसाम, आपली खालची शेजारीण, म्हणते, "तुझ्या नवऱ्याची तू इतकी काळजी घेतली असतीस तर तो पळाला नसता." मी म्हटलं, त्याला उभा ठेवायला एवढं मोठं खोकं नव्हतं.

उत्तर दे.

इन्शिराह


१५ नोव्हेंबर

वगदी,

आता ती दुसरी गोष्ट.

२३ डिसेंबरला, विजयदिनाला, इथल्या सांस्कृतिक भवनात बंदराच्या टपालाचं प्रदर्शन आहे. लबीब उस्तादांनी बाबांच्या नावाने तीन चौकटी मिळवल्यात. 'रईस अब्दुल मोअती, बंबूती, यांचा संग्रह.' आयुष्यभर होडीतून जहाजांना गालिचे आणि चामड्याच्या उशा विकणाऱ्या माणसाचं नाव भिंतीवर लागणार. मला बरं वाटलं, खोटं का बोलू.

कसं लावायचं यावरून आमचं भांडण झालं. ते म्हणतात, पत्त्याची बाजू पुढे.

मी विचारलं, "आणि चित्र?"

"चित्र भिंतीकडे."

"मग लोक बघणार काय? पोस्टमनचं काम?"

"हो. तेच बघायला येतात. आणि तुझे बाबाही तेच बघायचे."

हे खरं आहे. जहाजावर टाकलेल्या पत्रावर बंदरातल्या पोस्टात मारतात तो पाकबोचा शिक्का, त्याच्यासाठी बाबा जीव टाकायचे. खलाशाने दोन उशांऐवजी एक घेतली तरी चालेल, पण शिक्का पूर्ण हवा.

मग उस्तादांनी शेवटच्या खोक्यातून दोऱ्याने बांधलेला गठ्ठा काढला आणि एकेक पाकीट उलटून बघितलं. "ही अकरा कोणाची? एकही फोडलेलं नाही."

ती तुझी आहेत, वगदी. ऐंशी सालापासून शहाऐंशीपर्यंतची. बाबांच्या नावाची. एकही फोडलेलं नाही.

तू गेलास त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. बाबांनी त्या ग्रीक जहाजाखाली होडी धरून ठेवली होती, तू उशांची टोपली घेऊन शिडीवर चढलास आणि खाली आलाच नाहीस. जहाज हललं तरी ते दोर धरून बसले होते. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "टोपली पण नेली." मग वर्षभराने पहिलं पत्र आलं. आईने माझ्या हातात कात्री दिली. बाबा म्हणाले, "थांब. कात्री ठेव." उलटसुलट करून बघितलं. उजेडात धरलं. "डर्बनचा पाकबो आहे. वर्तुळ पुरं उमटलंय, तिकीटही सरळ. असं पाकीट फोडतात का?"

आई म्हणाली, "अहो, पोराचं पत्र आहे."

"ज्याने बंद केलंय तो येऊन उघडेल."

राग होता की छंद होता, मला अजून समजलेलं नाही. बहुतेक त्यांनाही नसेल. शुक्रवारी ते खिशात घालून कहवाखान्यात न्यायचे. "माझ्या मुलाचं पत्र. भर समुद्रात टाकलेलं." कोणी विचारायचं, "काय लिहितो?" ते म्हणायचे, "पत्ता लिहितो. बघ किती सुबक अक्षर आहे." आणि खरंच बघायला द्यायचे. पण हात लावू द्यायचे नाहीत.

आई मरेपर्यंत विचारत राहिली. एकदा तिने न्हाणीघरात वाफेवर एक सोडवायचा प्रयत्न केला. बाबांनी बघितलं. त्यानंतर तो गठ्ठा कुलपात गेला.

उस्ताद म्हणतात, तिसरी चौकट अख्खी या अकरांची करू. एकाच माणसाची, एका घराला आलेली, अकरा बंदरांतली, सगळी बंद. अशी त्यांनी कधी पाहिली नाहीत. फोडली तर किंमत जाईल.

मला तुझं उत्तर हवंय. ज्याच्या नावाची आहेत तो माणूस राहिला नाही, लिहिणारा तू आहेस. फोडू की नको? तेवीस तारखेच्या आत सांग. तू लिहायचं का थांबवलंस ते मी विचारत नाही.

इन्शिराह


९ डिसेंबर

वगदी,

तुझं कार्ड काल मिळालं. जेनोवाच्या दीपगृहाचं चित्र आणि मागे एकच ओळ: 'तूच तर म्हणाली होतीस, बाबांनी सगळी वाचली.'

हो. म्हणाले होते.

गेल्या पत्रात 'विचारत नाही' असं लिहिलं ते यामुळे. विचारायची गरजच नव्हती, मला माहीत होतं. तुला वाटेल ही सांगणारच नव्हती. खरंय. तू गप्प राहिला असतास तर मीही राहिले असते.

शहाऐंशीच्या वसंतात अबू समराच्या दुकानात तुझा फोन आला. त्याचा पोऱ्या धावत बोलवायला आला, "खाला, परदेशातून." मी पिठाच्या हातांनी गेले. तू आधी माझी चौकशी केली नाहीस, आईचंही नाव काढलं नाहीस. पहिलाच प्रश्न, "बाबांनी माझं शेवटचं पत्र वाचलं का?"

आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. दफनाआधी तिला मी एकटीने धुतलं. खांदा द्यायला गल्लीतले लोक आले आणि प्रत्येकाने विचारलं, "वगदी कुठे आहे?" माझ्या डोक्यात ते सगळं होतं. मी म्हणाले, "वाचलं. सगळी वाचली. वाचून फेकून दिली. तुझं नाव या घरात घेत नाहीत."

 तुझ्या फोनमध्ये नाणी पडत असल्याचा आवाज येत होता. मग म्हणालास, "बरं." आणि ठेवलास.

बरं. एवढंच. मला वाटलं होतं तू भांडशील. भांडला असतास तर मी खरं बोलून गेले असते, माझ्या तोंडात तेवढा वेळ काही राहत नाही. तू भांडला नाहीस. दुकानातून बाहेर आले तेव्हा मला हलकं वाटत होतं, हेही लिहून ठेवते. पुढे पत्रं यायची थांबली. बाबा पोस्टमनला विचारायचे, "जहाजाचं काही?" दर आठवड्याला, मग दर महिन्याला. मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि भांडी घासायची. दहा वर्षं.

मी माफी मागत नाहीये. मागितली तर तुला द्यावी लागेल, आणि ते काम मी तुझ्यावर टाकणार नाही.

पण आता फोडू का म्हणून विचारतही नाही. २० तारखेला, शुक्रवारी, सुट्टी आहे, तेव्हा फोडणार. नको असेल तर तार कर.

इन्शिराह


२६ डिसेंबर

वगदी,

तार आली नाही. मी फोडली.

आदल्या दिवशी उस्तादांना सांगायला गेले. त्यांनी कपाळाला हात लावला. "तीन दिवस थांब. प्रदर्शन होऊ दे, मग फोड."

"सोळा वर्षं थांबलीत."

"मग तीन दिवसांनी काय होतंय?"

"उस्ताद, मी भ्याले तर नाही फोडणार. आता भ्यालेली नाहीये."

ते उठले आणि दाखवलं. फोडायचंच तर डावीकडची अरुंद कड, केसाएवढी. तिकिटाला आणि शिक्क्याला धक्का नको. कारखान्यात धागे तोडायची छोटी कातर असते, तिने कापली. सकाळी बसले ते दिवेलागणीपर्यंत वाचत होते. तुला माहीत आहे, मी बोट ठेवून वाचते.

तू काय लिहिलंस ते तुला सांगत बसणार नाही. पण काही गोष्टी तुला माहीत नाहीत, म्हणून सांगते.

प्रत्येक पत्राची पहिली ओळ पाकिटाबद्दल आहे. 'बाबा, कारकुनाला सिगारेटी देऊन शिक्का सरळ मारून घेतला.' 'बाबा, हा मोम्बासाचा तुमच्याकडे नसेल.' 'बाबा, तिकीट दोनदा मोजून लावलं.' अकराच्या अकरा. तू त्यांना खूश करायला पाकिटं इतकी देखणी केलीस की त्यांच्याने ती फोडवेनात. मळकं, चुरगळलेलं एखादं पाठवलं असतंस तर बाबांनी दारातच फाडलं असतं. हे तुझ्यावर ढकलत नाहीये. कात्री घरात होती आणि मीही घरात होते.

आठवं पत्र आई गेली त्या वर्षाचं. तार तुला मिळाली होती. तू दवाखान्यात होतास, उजवा हात दोरखंडाच्या चाकात सापडला होता, दोन बोटं गेली. पत्र डाव्या हाताने खरडलंस, पाकिटावरचा पत्ता मात्र परिचारिकेकडून लिहून घेतलास आणि अक्षर वेगळं दिसतंय म्हणून बाबांची माफी मागितलीस. मला वाटायचं तुला लाज नाही. दहा-बारा वर्षं मी लोकांना तसंच सांगत आले. उम्म हुसामला आज सकाळी खरं सांगितलं. ती जिन्यातच बसली.

आणि अकरावं. 'चौदा मार्चला आमचं जहाज कालव्यात शिरण्याआधी बाहेर नांगर टाकून थांबेल. बाबा, होडी घेऊन या. मी शिडीपाशी उभा असेन. तुम्ही आलात तर खाली उतरतो, परत जाणार नाही. नाही आलात तर मला समजेल.'

हे वाचल्यावर मी चौदा मार्च शहाऐंशी आठवायचा प्रयत्न केला. अजून करते. पाऊस होता का, काय शिजवलं होतं, बाबा किती वाजता गेले. काहीच आठवत नाही. एवढं नक्की की ते त्या दिवशी पाण्यावर होते, कारण ते रोजच असायचे. कदाचित शेजारच्या जहाजाखाली उभे राहून कोणाला तरी उशी विकत असतील. त्यांनी मान वर केली असती तर तू दिसला असतास. आणि तू त्यांना बघितलंस का? होडी दिसली आणि ती तुझ्याकडे वळली नाही, असं झालं का? हे मला सांगू नकोस. नाही, सांग.

मग तू फोन केलास, आणि मी तसं म्हणाले.

चौकट लावली. पत्रं लावली नाहीत, ती लोकांची नाहीत. नुसती पाकिटं, पत्त्याची बाजू पुढे, अकराच्या अकरा डावीकडून कापलेली. आठव्याचं अक्षर वेगळं आहे ते एका बाईच्या लक्षात आलं, तिने विचारलं, मी सांगितलं. कैरोहून आलेला परीक्षक भिंगातून बघत होता. म्हणाला, "ही अगदी परवा कापल्यासारखी दिसतात. कोणी केलं?"

"मी."

"फार नुकसान केलंत."

"ते आधीच झालं होतं. मी फक्त उघडून बघितलं."

उस्ताद मागे उभे होते. त्यांनी घसा खाकरला आणि एक पिशवी सरळ केली, ती सरळच होती. खालच्या ओळीतल्या एका पिशवीवरचं ४२ कापायचं राहिलं होतं. एक माणूस पोराला म्हणाला, "बघ, हे बेचाळिसावं पाकीट." बक्षीस दमिएटाच्या एका डॉक्टरला मिळालं.

पेटी विकणार नाही. तुझी अर्धी खोकी वेगळी ठेवली आहेत, विटांवर. ती तिथेच राहतील, तू आलास तरी आणि नाही आलास तरी.

पण तू एक प्रश्न विचारला होतास आणि त्याचं उत्तर कोणीच दिलं नाही. बाबांकडून मला देता येत नाही. माझ्याकडून देते. उतर. होडी विकली गेली, म्हणून विमानाने कैरोला ये आणि तिथून बस पकड, ती आता चार तासांत येते. दिवस कळव. मी अड्ड्यावर उभी राहीन. दिवस नाही कळवलास तर दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर उभी राहीन, तशीही माझी सुट्टी असते. जाड झालेय, केस पांढरे आहेत, मोठ्याने बोलत असेन.

हे पत्र लिफाफ्यात घालून मी तिकीट उलटं लावणार आहे. खिडकीवरच्या कारकुनाला सांगणार आहे की शिक्का कसाही मार, दोनदा मार, शाई पसरू दे. कोणाला ते ठेवून द्यावंसं वाटता कामा नये.

तू हे वाचतोयस म्हणजे फाडलंस. पाकीट फेकून दे आणि निघ.

इन्शिराह